माहिती सर्वांसाठी खुली आहे

"आजी, मान सरळ ठेवा. केसांत गुंडाळलेला रोळ सुटला तर तेवढेच केस सरळ राहतील, आणि मग मलाच बोल लावाल."

"मान सरळ ठेवण्यात जन्म गेला माझा. आता वाकडी झाली तर झाली," जिंदोवाली आजी म्हणाली. बाकावर बसलेली मुआनवाली आजी तोंडातलं रताळं न गिळताच हसली.

कोरियातल्या मोक्पो बंदरामागच्या त्या टेकडीवर म्हाताऱ्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. जी ज्या गावची लेक, त्या गावाची ती वाली. बोनसिमलाही तिथं कुणी बोनसिम म्हणत नसे. ती सोल नावाच्या पोरीची आई. नवरा इंचॉनला निघून गेल्यावर तिनं वळणावरचा हा गाळा घेतला, दोन खुर्च्या मांडल्या, आणि गेली अकरा वर्षं टेकडीवरच्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांचे केस एकाच पद्धतीनं कुरळे करून दिले. केस दोन-तीन महिन्यांत वाढत. गप्पांना मात्र रोज यावं लागे. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालं, कुणाचा मुलगा सणाला आला नाही, हे आधी या गाळ्यात कळे आणि मग ज्याचं त्याला.

पोस्टमननं दार ढकलून टपाल गल्ल्यावर ठेवलं. विजेचं बिल, आणि खाली सरकारी पाकीट. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला कुणी आसपास राहायला आला, की अठरा वर्षांखालचं मूल असलेल्या घरी असं पाकीट येतं. मागंही एक आलं होतं, मच्छीबाजारापलीकडच्या कुणा अनोळखी माणसाचं. ते तिनं सोलला दाखवून फाडून टाकलं होतं. आताही कंगव्याच्या शेपटीनं तिनं पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या कागद उलगडला.

फोटोतला माणूस टेकडीवरचा प्यो होता.

समोरून एक, बाजूनं एक. चेहरा थोडा भरलेला, केस थोडे वाढलेले. ते केस दर महिन्याला ती स्वतःच्या हातानं कापत होती. प्यो इनहो. खाली उंची, वजन, गल्लीचा क्रमांक, निळ्या फाटकाचं घर. त्याखाली गुन्ह्याच्या तीन ओळी. दोन मुली. धाकटी आठ वर्षांची. त्या ओळी तिनं एकदाच वाचल्या.

सर्वांत खाली जाड अक्षरांत छापलं होतं की ही माहिती आपल्या कुटुंबातील मुलांच्या संरक्षणासाठी आहे. ती इतरांना पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे.

"काय गं, विजेचं बिल फुगलं वाटतं?" जिंदोवालीनं आरशातून विचारलं. "चेहरा बघ कसा झालाय."

"हो. फुगलंय," बोनसिम म्हणाली, आणि कागद गल्ल्याखाली सरकवला.

तिनं पुढचा रोळ घेतला. प्यो. गेल्या पावसाळ्यात तो टेकडीवर राहायला आला. घरांची जमीन तापवणारे बॉयलर दुरुस्त करायचा, बर्फ पडला की म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ ओढायचा, आणि मजुरी दिली तर अर्धी परत करायचा. चाळिशीचा, एकटा, हळू बोलणारा. या गाळ्यात त्याच्या लग्नाचा विषय आठवड्यातून दोनदा तरी निघे.

आणि जिंदोवालीची नात सेबोम नऊ वर्षांची होती. आई सोडून गेलेली. बाप देसोक दूर गोजे बेटावर, जहाजाच्या कारखान्यात. पोरगी राहायची आजीकडे, पण नोंदलेली बापाच्याच पत्त्यावर, कारण कारखान्याकडून मुलांसाठी भत्ता मिळतो. म्हणजे सरकारच्या लेखी जिंदोवालीच्या घरात मूल नव्हतंच. या कागदासारखा कागद तिच्या दारात कधी येणार नव्हता.

"आजी, सेबोम आज शाळेतून घरीच येईल ना?"

"घरी कुठली? प्योकडे जाईल. तो तिच्यासाठी जुनी सायकल जोडतोय. देवमाणूस बघ. माझ्या पोरालासुद्धा एवढं सुचलं नाही."

बोनसिमनं शेवटचा रोळ गुंडाळला, केस कुरळे करायचं औषध लावलं, वर प्लास्टिकची टोपी चढवली. "मी आलेच," म्हणून ती मागच्या मोरीत गेली, नळ सोडला आणि पोलीस चौकीला फोन लावला.

पलीकडचा पोलीस सौम्य बोलला. "आमच्या लक्षात आहे तो माणूस, ताई. शिक्षा भोगून आलाय. वेळच्या वेळी हजेरी देतो."

"पण शेजारची एक लहान मुलगी त्याच्या घरी जाते. तिच्या आजीला काही ठाऊक नाही."

"त्यानं काही केलंय का?"

"केल्यावर फोन करू का मी?"

"आम्हालाही दारोदार जाऊन सांगता येत नाही, ताई. त्या आजींना संकेतस्थळावर बघायला सांगा ना. माहिती सर्वांसाठी खुली आहे. आपल्या नावाच्या फोनवरून ओळख पटवली की लगेच दिसते."

"त्यांचा फोन मुलाच्या नावावर आहे. घडीचा फोन आहे. त्यावर नातीचा फोटोसुद्धा नीट दिसत नाही."

"मग वॉर्ड कार्यालयात विचारून बघा."

वॉर्ड कार्यालयातली बाईही वाईट नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आजींनी स्वतः यावं, ओळखपत्र आणावं, मग पुढं काय करता येतं ते बघू. "पण तुम्ही काही पाठवू नका हां कुणाला. मागं एका बाईनं मैत्रिणीला पाठवलं, तर तिच्यावरच खटला झाला."

बोनसिम बाहेर आली. मुआनवाली अजून बाकावर होती. तिच्यासमोर एक शब्द बोलला की संध्याकाळपर्यंत सगळ्या टेकडीवर होणार. बोनसिम जिंदोवालीच्या कानाशी वाकली.

"आजी, सेबोमला त्याच्याकडे पाठवू नका."

"काय?"

"प्योकडे. नका पाठवू."

"का गं?"

"एकट्या पुरुषाच्या घरी मुलीच्या जातीनं..."

"अगं, नऊ वर्षांची पोर ती!" आजी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मुआनवालीनं मान वर केली. "ऐकलंस का? सोलच्या आईला प्यो आवडत नाही म्हणे."

"आवडत नाही की फार आवडतो?" मुआनवालीनं डोळे मिचकावले. "केस कापताना वेळ किती लावते, बघितलंय मी."

दोघी हसायला लागल्या. बोनसिमही हसली, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना. तेवढ्यात खालच्या शाळेची घंटा झाली. त्या टेकडीवर ती घंटा सगळ्यांना ऐकू येई. मग मुलांचा गलका रस्ता चढू लागला. बोनसिम काचेपाशी जाऊन उभी राहिली. मुलं आली, गेली. पिवळं दप्तर घेतलेली सेबोम दुकानासमोरून आजीला हात हलवत गेली आणि डावीकडे, घराच्या गल्लीत, वळली नाही. सरळ वर गेली.

"आजी, मी आले."

"आता कुठं निघालीस? माझ्या डोक्याला औषध आहे!"

बोनसिम ऐकायला थांबली नाही. एप्रन तसाच, पायात दुकानातल्या रबरी चपला. चढावावर कालच्या बर्फाचं पाणी गोठलं होतं. ती एकदा घसरली, भिंतीला धरून उठली, पुन्हा धावली. मागून जिंदोवालीचा आवाज येतच होता: "अगं ए! डोकं जळतंय माझं! वेडी झालीस का?" डोक्यावर प्लास्टिकची टोपी, त्याखाली रंगीत रोळ, गळ्यात टॉवेल, अशी ती पंच्याहत्तरीची बाई मागून चढ चढत होती आणि लोक दारात येऊन हसत होते.

निळं फाटक लोटलेलं होतं. अंगणात सायकल उलटी ठेवलेली, आणि तिच्याजवळ कुणीच नाही. घराचं दार बंद, दाराबाहेर सेबोमचे बूट. बोनसिमनं दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार लगेच उघडलं. प्योच्या हातात पातेलं होतं, त्यातून शेवयांची वाफ येत होती. "ताई? काय झालं?"

त्याच्या मागं सेबोम ऊबदार जमिनीवर मांडी घालून बसली होती. दप्तर काढलेलं, कोट काढलेला, हातात चॉपस्टिक.

"आजी बोलावतेय. चल, सेबोम."

"पण शेवया..."

"चल म्हणते ना!"

पोरगी दचकून उठली. ती बूट घालत असताना प्यो बोनसिमकडे बघत राहिला. मग त्यानं पातेलं बाजूच्या फळीवर ठेवलं आणि पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "पत्र आलं वाटतं."

बोनसिमनं आत हात घालून सेबोमचं दप्तर आणि कोट उचलला.

"येणारच होतं. इथं पत्ता नोंदवला तेव्हाच ठाऊक होतं मला." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. "ताई, तुमचं घर आहे, मुलगी आहे, म्हणून तुम्हाला आलं. खाली काय लिहिलंय तेही वाचलं असेल तुम्ही."

"वाचलंय."

"मग झालं." त्यानं मान लववली, दुकानात केस कापून झाल्यावर लववायचा तशीच.

तोवर जिंदोवाली फाटकात पोचली होती. धाप लागलेली, एका कानावरून औषध ओघळतंय. तिनं आधी प्योची माफी मागितली. "काही मनावर घेऊ नका हो. हिला आज काय झालंय कुणास ठाऊक." मग बोनसिमकडे वळून तिनं तोंड सोडलं ते गल्लीभर ऐकू गेलं.

बोनसिमनं पोरीचा हात सोडला नाही. वळणापर्यंत आल्यावर ती तिच्यासमोर उकिडवी बसली. "सेबोम, काका तुला काय म्हणायचे? काही सांगू नकोस, असं म्हणायचे का?"

सेबोमनं आजीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "शनिवारचं सांगायचं नाही."

"शनिवारचं काय?"

"आजी चर्चला भांडी घासायला जाते ना, तेव्हा मी काकांकडे जाते. ते आमचं गुपित आहे. सांगितलं तर सायकल मिळणार नाही."

जिंदोवालीनं कानावरून ओघळणारं औषध टॉवेलनं पुसलं. "सायकलीची गंमत करत असेल तो. पोरांशी असंच बोलतात."

मग बोनसिमनं कशाचीच पर्वा केली नाही. दुकानात आल्यावर मुआनवाली गेलेली बघून तिनं दाराला कडी लावली, गल्ल्याखालचा कागद काढला आणि आजीच्या हातात दिला. आजीनं तो लांब धरला, जवळ धरला. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण फोटो बराच वेळ बघितला.

"हा प्यो नाही."

"आजी!"

"प्यो याच्याहून बारीक आहे. एका तोंडवळ्याची दहा माणसं असतात जगात." तिनं कागद गल्ल्यावर पालथा ठेवला. "रात्री छातीत कळ आली तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात कुणी नेलं? तू नेलंस? माझ्या पोरानं नेलं? टेकडीवर मला 'आजी, जेवलात का' म्हणून विचारणारा एक माणूस आहे, आणि तुम्ही त्याचा फोटो छापता."

बोनसिमनं तिला बेसिनपाशी नेलं आणि रोळ सोडायला घेतले. औषध फार वेळ राहिलं होतं. केस भाजलेल्या गवतासारखे होऊन रोळाबरोबर हातात येत होते. डोक्याच्या मागं तळव्याएवढी जागा लालभडक झाली. आजी एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. टॉवेल बांधून, नातीचा हात धरून ती निघून गेली.

आता राहिला देसोक. बोनसिमनं त्याला चार वेळा फोन केला. तो जहाजाच्या पोटात वेल्डिंग करत असणार, तिथं फोनचा आवाज ऐकू येत नाही. उद्या शनिवार होता. तिनं कागद गल्ल्यावर सरळ केला, चारही कोपऱ्यांवर कंगवे ठेवले, फोनमध्ये फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली एकच ओळ लिहिली: तुमची सेबोम या माणसाकडे जाते.

पाठवल्यावर ती खुर्चीत बसली. सोल शिकवणीहून आली, तरी दिवे लावलेले नव्हते.

देसोक सकाळी पोचला. कारखान्याचा डगला अंगातच होता. तो आईच्या घरी गेलाच नाही, सरळ निळ्या फाटकावर गेला. त्यानं ती सायकल उचलून भिंतीवर आपटली, प्योची गचांडी धरली, आणि मग फोनमधला फोटो दारोदार नेऊन दाखवला. "बघा! बघा कोण राहतो ते!" टेकडीवर आदल्या दिवशी हसणारी माणसं तोंडावर हात ठेवून उभी राहिली. प्योनं हात उगारला नाही. ओठातून आलेलं रक्त पुसलं, कपडे बदलले आणि टेकडी उतरून पोलीस चौकीत गेला. तक्रार द्यायला.

दुपारी देसोक लेकीचं सामान गाडीत भरू लागला. जिंदोवाली पायरीवर बसून होती. "तिथं तिला कोण बघणार? तू तर जहाजात," ती एवढंच म्हणाली. देसोक म्हणाला, "इथं कोण बघत होतं?" आणि गाडी गेली.

फोटो कुठून आला हे शोधायला पोलिसांना कष्ट पडले नाहीत. बोनसिमनं विचारायच्या आतच सांगितलं, "मी पाठवला." चौकशी करणारी तरुण बाई टंकता टंकता थांबली.

"खालचं वाचलं नव्हतं असं लिहू का?"

"वाचलं होतं."

"म्हणजे कायदा ठाऊक असून पाठवलंत."

"हो."

"दुसरा काही मार्ग नव्हता का?"

"तुमच्या चौकीला फोन केला होता. वॉर्ड कार्यालयाला केला होता. सगळे म्हणाले, माहिती खुली आहे."

त्या बाईनं ते टंकलं की नाही, हे बोनसिमला दिसलं नाही. पुढं कोर्टात न्यायाधीश म्हणाले की हेतू समजण्यासारखा आहे, पण कायदा हेतूसाठी वाकवता येत नाही. दंड झाला. देसोकला मारहाणीचा वेगळा झाला. सेबोमला गोजेला कुठल्याशा डॉक्टरीण बाईंनी दोन-तीनदा बोलावून विचारलं. ती सायकलीपलीकडे काही बोलली नाही. त्या शनिवारांत काय होतं आणि काय नव्हतं, हे कुणालाच कळलं नाही. प्योवर नवा गुन्हा दाखल झाला नाही.

तो तिथंच राहिला. शिक्षा भोगलेल्या माणसाला घरातून काढता येत नाही, आणि दुसरं घर त्याला देणार तरी कोण? बॉयलर दुरुस्तीला त्याला कुणी बोलावत नसे. सकाळी बंदरावर हमालीला जाताना तो दुकानासमोरून जाई आणि काचेतून मान लववी. सोल दुकानात असली तरी लववी. बोनसिम तेव्हा हातातलं काम थांबवी, आणि तो वळण उतरून जाईपर्यंत पुन्हा सुरू करत नसे. सोलला तिनं शिकवणीला एकटीनं जाऊ देणं बंद केलं. पोरगी चिडायची, रडायची. "शिक्षा मला का?" म्हणायची.

म्हाताऱ्या हळूहळू परत आल्या, कारण खालच्या रस्त्यावरची न्हावीण महाग होती. "आम्हाला आधीच संशय होता," मुआनवाली आता म्हणे. फक्त जिंदोवाली आली नाही. ती डोक्याला रुमाल बांधून भिंतीकडेनं जाई. कुणी सांगायचं, ती दिवसभर घरात टीव्ही लावून बसते आणि आवाज बंद ठेवते. कुणी सांगायचं, ती अजून म्हणते की सोलच्या आईनं माझं घर मोडलं. बोनसिमनं दोनदा तिच्या दारात भोपळ्याच्या लापशीचा डबा ठेवला. दोन्ही वेळा डबा तसाच भरलेला दुकानाच्या पायरीवर परत आला.

पुढच्या हिवाळ्यात, चांद्र नववर्षाच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी जरा कमी झालं, तेव्हा दार किलकिलं झालं आणि सणासाठी गोजेहून आलेली सेबोम आत आली. उंच झाली होती. समोरचे दोन दात मोठे दिसत होते.

"बाबा म्हणाले, सणाआधी केस कापून ये."

"एकटीच आलीस?"

सेबोमनं मान मागं वळवली. रस्त्यापलीकडे, बंद पडलेल्या भाजीच्या दुकानासमोर, जिंदोवाली उभी होती. डोक्याला रुमाल, काखेत नातीचा कोट. वारा बंदराकडून सरळ वर येत होता. ती दुकानाकडे बघत होती, पण बोनसिमकडे नाही.

बोनसिमनं दार उघडून हाक मारली, "आजी, आत या. थंडी आहे."

आजीनं ऐकलं नसल्यासारखं केलं. ती आत आली नाही, आणि तिथून हललीही नाही.

बोनसिमनं सेबोमच्या गळ्यात कापड बांधलं. मग खुर्चीची खीळ सैल करून तिनं ती आरशाकडून फिरवली आणि काचेकडे तोंड करून ठेवली. आत शेगडीवर किटली उकळत होती, त्यामुळे काच सारखी धुकट होई आणि पलीकडची म्हातारी पुसट होत जाई. बोनसिम दोन-चार बटा कापी, कात्री ठेवी, टॉवेल घेऊन काच वरपासून खालपर्यंत पुसून काढी, आणि पुन्हा कात्री उचली.